पडताळणीच्या फोनवरचा आवाज

ते प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सानगडीकडच्या एक निवृत्त अंगणवाडी मदतनीस तक्रार घेऊन आल्या. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुदत ठेव मोडायला त्या बँकेत गेल्या, तर ती ठेव नव्हतीच. दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती.

"कागद वाचला नाही?"

"इतलं बारीक कोण वाचते जी? बँकेत बसते तो पोरगा म्हणे, फिक्सच आहे, आज शेवटचा दिवस. मी सही करून देल्ली."

सही त्यांचीच, म्हणून आमच्या हवालदारानं दिवाणी मामला ठरवून अर्ज बाजूला ठेवला होता. दोन दिवसांनी बँकेचा चौकीदार मला गाठून हळूच म्हणाला, "साहेब, फॉर्मवरचा मोबाईल नंबर कोनाचा आहे, तेवढं पाहून घ्या."

नंबर बाईंचा नव्हता. न पटलेली पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येते, हे त्यांना कळवणारा संदेशही त्याच नंबरवर गेला होता. तोच नंबर गावातल्या आणखी चार बायकांच्या फॉर्मवर सापडला. त्या मात्र जबाब देईनात. "पोरगा चांगला आहे जी. त्याची नोकरी काहून घालवता?" फसलेल्यांनीच फसवणाऱ्याची बाजू घेतलेली पाहून मी अक्षरशः वैतागलो.

तो पोरगा, म्हणजे बँकेत बसणारा विमा प्रतिनिधी, चौकशीत निवांत होता. "कंपनीनं पडताळणीचा फोन केला, बाई हो म्हणाल्या. रेकॉर्डिंग मागवा."

मी पाचही पॉलिसींची मागवली; तीन स्मरणपत्रांनंतर ती आली. बाईंच्या रेकॉर्डिंगवर "हो, मला सगळं समजलं आहे," असा स्वच्छ बायकी आवाज. मी बाईंना ऐकवलं.

"मी कधी 'मला' म्हणतो काय जी? मी तं 'मले' म्हणतो."

पाचही रेकॉर्डिंगमध्ये तोच आवाज होता. सिमकार्ड प्रतिनिधीच्या बायकोच्या नावावर निघालं. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "टार्गेट होतं साहेब." बायकोच्या आवाजाचे नमुने रेकॉर्डिंगशी प्रयोगशाळेत जुळले, दोषारोपपत्र गेलं. बाईंना रक्कम परत मिळाली. पण मुलीचं एक वर्ष गेलंच.

शेवटच्या जबाबाला मी चिडूनच विचारलं, "एवढा विश्वास कसा टाकलात?"

"त्यानं मले खुर्ची देल्ली जी. बाकी कोनी बसा म्हणत नाही."

माणसं व्याजदराला भुलतात, असं मी नोकरीभर समजत होतो. पहिल्या दिवशी माझ्याच ठाण्यात त्या दोन तास उभ्या होत्या.