कुशाबा साकवाखाली उतरतो

कुशाबा सकपाळला लोक अडाणी म्हणतात. म्हणणाऱ्यांना मी तोंडावर सुनावलंय, आता लिहून सांगतो. चहाचे पैसे तो मोबाईलनं स्कॅन करून देतो. नातीशी रोज व्हिडिओवर बोलतो. भिवंडीला गेला की मोबाईलमधली बाई म्हणेल तिकडं गप वळतो. म्हणतो, "तिथं माझं कोण हाय? बाईलाच विचारायला लागतं." पण पोलादपूरच्या वर, डोंगरात, लोड घेऊन जायचं असलं की तो बाईचं ऐकत नाय. तिथं तो कागद काढतो.

कागद म्हणजे जिल्ह्याचा छापील नकाशा. महाडच्या एसटी स्टँडवर वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला. घड्यांवर फाटला तिथं खाकी कागद चिकटवलाय, वर प्लास्टिक. त्याच्यावर कुशाबानं बॉलपेननं इतकं गिरगटलंय की छापलेलं कमी आणि कुशाबाचंच जास्त दिसतं. फुली म्हणजे लोड घेऊन जायचं नाय. गोल म्हणजे साईडपट्टी चाकाखाली खचते. आडवी रेघ म्हणजे वर विजेची तार. माणूस चौथी शिकलाय, पण त्या कागदावर मी अजून एक चूक पकडलेली नाय. आणि मी चुका शोधतो, कारण मला कुणाचं असंच ऐकायची सवय नाय. त्याच पायी नववीत शाळा सुटली.

गाडी मला त्यानंच शिकवली, कशेडी घाटात. पहिल्या दिवशी म्हणाला, "ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतो त्याला डायवर नाय म्हणत रे, त्याला पाहुणा म्हणतात." आज मी चोवीस वर्षांचा हाय, आणि माझ्या ताब्यात एक सहा टायर ट्रक हाय. कुशाबाकडं दहा टायर. दोन्ही गाड्या राजेशशेठच्या, महाडला त्याचा ट्रान्सपोर्ट हाय. शेठच्या बापाकडं एकच गाडी होती तेव्हा ती कुशाबाच चालवायचा.

नव्या वाडीवर लोड न्यायचा असला की कुशाबा आदल्या दिवशी एसटीनं जातो आणि पुढची वाट चालत बघतो. खिशात नायलॉनची दोरी. तिला दोन गाठी. पहिल्या गाठीपर्यंत गाडीची रुंदी, दुसरीपर्यंत लोड भरल्यावरची उंची. मोऱ्या, ओढ्यांवरचे छोटे पूल म्हणजे साकव, सगळं दोरीनं मोजतो. तार लोंबत असली तर तिथल्याच सुक्या बांबूवर उंची धरून लांबूनच अंदाज घेतो. हे सगळं स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या तिकिटानं. कुणी सांगितलेलं नाय.

गेल्या वर्षी शेठनं सगळ्या गाड्यांत डबे बसवले. जीपीएसचे. ऑफिसात नीला बसते, कॉलेज झालेली महाडची पोरगी. तिच्या स्क्रीनवर प्रत्येक गाडीची निळी लाईन. गाडीनं लाईन सोडली की तिला आणि शेठला मेसेज. तीन मेसेज झाले की डायवर खाली, असा नियम काढला. कुशाबाचे दोन झाले होते, दोन्ही डोंगरातले. एकदा बाईनं सांगितलेल्या वाटंला गोल होता, एकदा फुली.

तर ऑक्टोबरात पिंपळकोंडचं काम आलं. पाण्याच्या टाकीचं सामान. कुशाबाच्या गाडीत सळई, माझ्या गाडीत सिमेंट. लाईन खालून होती, नदीच्या कडेनं, साकवावरून. चौदा किलोमीटर. कुशाबाच्या कागदावरची वाट वरून, एकतीस किलोमीटर. साकवावर त्यानं आदल्याच दिवशी ताजी फुली मारली होती.

सकाळी ऑफिससमोर गाड्या उभ्या. शेठ बाहेर आला.

"कुशाबादादा, आज लाईनवरूनच जायचं. तिसरा मेसेज आला तर चावी टेबलावर ठेवायची, मी आधीच सांगतोय."

"साकव खालून पोकळ झालाय शेठ."

"त्याच्यावरून रोज गाड्या जातात."

"जातात. रिक्षा जातात, टेम्पो जातात. माझी म्हस पण जाईल."

"म्हणजे तुम्ही कंप्युटरपेक्षा शहाणे?"

"नाय ओ. कंप्युटर साकवावरून बघतो. मी खालून बघितला. एवढाच फरक."

शेठनं तोंड फिरवलं आणि मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "तू लाईनवरून जा, साहिल. हा उतरला तर दहा टायर तुझी."

इथं मी एक गोष्ट लपवणार नाय. मी शेठला नाय म्हटलं नाय. दहा टायर कुणाला नको असते? आणि मनात म्हटलं, म्हातारा हट्टीच हाय. एकवीसच्या महापुरानंतरही तो साकव उभा हाय, तर आज कुठं पडतोय?

पोलादपूर सोडलं. फाट्यावर कुशाबानं गाडी डावीकडं, वरच्या वाटंला घातली. माझी गाडी मागं होती. त्यानं गाडी थांबवली, उतरला, माझ्या खिडकीशी आला आणि दोरी आत टाकली.

"शेठनं काय सांगितलं ते मला ठाऊक हाय," म्हणाला.

मी दोरी सीटवर सरकवली.

"जा तू खालून. मी अडवत नाय. पण उतरून बघ." आणि गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात त्याच्या केबिनमध्ये फोन वाजला. आवाज स्पीकरवर, खिडकी उघडी, मला सगळं ऐकू आलं.

"काका, तुमची गाडी लाईन सोडून चालली आहे. मला मेसेज आलाय. प्लीज मागे फिरा ना, शेठ इथेच उभे आहेत."

"गो नीला, लाईन तुझी हाय, गाडी माझ्या हातात हाय. शेठला सांग, तिसरा झाला. संध्याकाळी चावी घेऊन येतो. आधी माल पोचवू दे."

मी खाली गेलो. साकव आला. बाई म्हणाली, सरळ चला. मी उतरलो, दोरी लावली. गाडी बसत होती, दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरून. म्हटलं, झालं की! कशाला एवढा तमाशा? गाडीत चढून गिअर टाकला.

खाली पाण्यात एक बाई गोधड्या धूत होती. मान वर करून ओरडली, "अरे ए, लोड घेऊन चाललास?"

"हो मावशी. का?"

"नाय, काल तो पोलादपूरचा कुशाबा हितं गुडघाभर पाण्यात उभा होता, खांबाच्या बुडात डोकं घालून. म्हटलं ह्याचं काय हरवलं? तर म्हणतो, गोदूबाई, माझी दोन पोरं उद्या हिकडून यायची हायत."

त्याला एकच मुलगी हाय. तीपण ठाण्याला. दोन पोरं म्हणजे कोण, ते कळायला मला शाळा लागली नाय. गाड्या दोनच होत्या. एक पोर त्याची दहा टायर, दुसरं मी.

उतरून बघ म्हणाला होता तो. मी रस्त्यावर उतरलो होतो. आता साकवाखाली उतरलो. मधल्या दगडी खांबाचं बूड पाण्यानं खाल्लं होतं. मी हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तर मुठीत नुसती रेती. वर माझं दहा टन सिमेंट उभं, आणि केबिनमधून बाई सांगतेय, सरळ चला, सरळ चला.

तो साकव त्या दिवशी पडला असता का? मला नाय ठाऊक. आजही तो उभा हाय, रिक्षा जातात. पण मला ते बघायचं नव्हतं, आणि गोदूबाई खालीच होती.

मी अर्धा किलोमीटर रिव्हर्स आलो. गोदूबाई हातातली गोधडी टाकून मागून "येऊ दे, येऊ दे, दगड हाय रे आंधळ्या!" करत होती. गाडी उलटी येताना स्क्रीनवर दिसली असणार, फाट्यावर पोचायच्या आधीच माझा फोन वाजला. नीला. म्हटलं, "मी पण वरनं जातोय, माझा पण मेसेज धर." तर ती हळूच म्हणाली, "साहिल, खरंच पोकळ आहे का?" मी तिला कोपरापर्यंत चिखल लागलेल्या हाताचा फोटो पाठवला.

दुपारी पिंपळकोंडला पोचलो तर सळई अर्धी उतरवून झाली होती. कुशाबानं माझा हात बघितला. "जेवलास?" एवढंच म्हणाला. मी दोरी परत दिली. त्यानं घेतली नाय. म्हणाला, "मी दुसरी बांधली."

चारला महाडात ऑफिसात. शेठ टेबलामागं. कुशाबानं चावी ठेवली. मी पण माझी त्याच्या शेजारी ठेवली. खण्णकन वाजली.

"तू कशाला?" शेठ माझ्यावर ओरडला. "तुझा पहिलाच हाय!"

"मग तीन धरा."

"नाटकं करू नका. दोन गाड्यांचं दुप्पट डिझेल जाळलंत. एका दगडाच्या फटीसाठी!"

नीलानं स्क्रीन शेठकडं वळवली. त्याच्यावर माझा हात होता. शेठनं बघितल्यासारखं केलं.

कुशाबा टेबलाजवळ सरकला. मग म्हणाला, "शेठ, तुमच्या वडलांना मी कधी उलटं बोललो नाय. तुम्हाला पण बोलत नाय. एक करू. उद्या परत तेवढीच सळई भरा. तुमची नवी मोटार पुढं घाला. साकवाच्या मधोमध जाऊन उभे राहा. मी लोड घेऊन तुमच्या मागून येतो. लाईनवरूनच येतो, इकडं तिकडं हलणार नाय. चालेल?"

शेठनं दाराकडं बघितलं. त्याची मोटार दारात उभी, काचेवरचं कुंकू पण अजून गेलेलं नव्हतं.

"चालेल का सांगा, म्हणजे मी चावी उचलतो."

मग शेठनं टेबलावरची चिठ्ठी उगाच सरळ केली आणि म्हणाला, "डबा काढणार नाय मी. सांगून ठेवतो."

"कोण म्हणतंय काढा? राहू दे की. वरडू दे त्याला."

कुशाबानं चावी उचलली. मी माझी उचलली. नियम कुणी मागं घेतला नाय, माफी कुणी मागितली नाय, आणि माझ्या दहा टायरचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाय. मला नकोच होती तशी.

आता नीला डोंगरातला लोड निघायच्या आधी कुशाबाला फोन करते. "काका, फुली आहे का कुठे?" विचारते. शेठला ठाऊक हाय का, मला ठाऊक नाय. ठाऊक झालं तर झालं.

कुशाबाचे मेसेज आज अकरा झालेत. माझे चार. दोघंही गाडीवर हाओत. आणि परवा एका नव्या वाडीवर लोड न्यायचाय, कामथ्याच्या आत. कुशाबाचे गुडघे दुखतात म्हणून उद्याच्या एसटीनं मी जातोय, दोरी घेऊन. कुणाला अडाणी म्हणायचं असलं तर यावं स्टँडवर. सातच्या गाडीला हाय मी.