पिवळा ठिपका

मिस्त्रींच्या हातचं इंजिन गळत नाही, असं गॅरेजमधे सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः मिस्त्रीच म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी इंजिनं बांधली होती. नट-बोल्टच्या आट्यांना काय लावायचं, यावर ते तासभर बोलू शकत, आणि ऐकणारा पळून गेला तरी थांबत नसत. कायमचं बसवायचं तिथे लाल औषध, पुन्हा कधी उघडावं लागेल तिथे निळं. "लाल म्हणजे जन्माची गाठ," ते म्हणायचे, "निळं लावलं की चार दिवस माहेरी जाता येतं." हा विनोद त्यांच्या बायकोने इतक्या वेळा ऐकला होता, की 'माहेरी' हा शब्द तीच आधी म्हणून टाकायची.

पण खरी परीक्षा हेडच्या स्टडची. इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, खालच्या ब्लॉकवर आवळून धरणारे हे लांब, आटे पाडलेले स्टड ज्या भोकांत बसतात, त्यातली काही भोकं खालून बंद असतात. तिथे आट्यांना तेलाचा हात पुरतो. काही भोकं मात्र थेट इंजिनाच्या पाण्यात उघडतात. तिथे पांढरी पेस्ट लावली नाही, तर पाणी आट्याआट्यांनी वर चढतं, तेलात मिसळतं आणि इंजिनाचा निकाल लागतो. वरून दोन्ही भोकं सारखीच दिसतात.

मिस्त्री सायकलच्या स्पोकने भोकं तपासायचे. स्पोक आरपार गेला तर भोक पाण्याचं. 'टक' वाजून थांबला तर बंद. पण जुन्या इंजिनात पाण्याच्या भोकाला गंजाचा बूच बसलेला असतो. पाणी त्यातून झिरपतं, पण स्पोक तिथेही थांबतो, फक्त आवाज 'टक' नसतो, किंचित दबका असतो. तो फरक अख्ख्या गॅरेजमधे एका मिस्त्रींच्या कानाला कळायचा. पाण्याच्या भोकाशेजारी ते पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. मग त्यांचा धाकटा भाऊ ठिपका असेल तिथे पेस्ट लावायचा, नसेल तिथे तेल. "तू तुझी अक्कल चालवायची नाही," मिस्त्रींनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धाकट्याने चौदा वर्षांत ती कधी चालवली नाही.

चार वर्षांपूर्वी एका मालट्रकचं इंजिन बांधून दिल्यावर दीड महिन्यात भर रस्त्यात जाम झालं. हेड उघडलं तर तेलाचा नुसता चहा झालेला. ट्रकवाला गरजत होता, गॅरेजचा मालक त्याच्यावर ताण करत होता. "कोणाचं काम आहे हे?" मालकाने विचारलं.

"मी ठिपके बरोबर दिले होते," मिस्त्री ताडकन म्हणाले. "पेस्ट लावायचं काम याचं."

ब्लॉक तिथेच, चार पावलांवर पडला होता. नुसतं वाकून बघितलं असतं तरी पुरे होतं. पण ज्यांच्या नाकावर माशी बसत नाही ते वाकत नाहीत. धाकटा मात्र वाकला. त्याने ब्लॉककडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, चिंधीला हात पुसले आणि तोंडातून अवाक्षर न काढता निघून गेला. मालकाने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढे महिन्याभरात तो बायको-मुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेला. एका गोदामाच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहितो, एवढंच कानावर आलं. फोन ना यांनी केला, ना त्याने.

परवा मालकाने मागची शेड रिकामी करायला काढली. ताडपत्रीखाली तो ब्लॉक निघाला. उघडल्या दिवसापासून तसाच पडलेला. "यातले स्टड काढून घ्या मिस्त्री, कामाला येतील," मालक म्हणाला.

मिस्त्रींनी एकेक स्टड काढला. पिवळा ठिपका, आट्यांत वाळलेली पांढरी पेस्ट. पुन्हा ठिपका, पुन्हा पेस्ट. ठिपका नाही तिथे तेलाचा काळा थर. पोराने काम कसं चोख केलं होतं! मागून तिसरा स्टड मात्र गंजून लाल झाला होता. त्याच्या आट्यांत पेस्ट नव्हती. आणि भोकाशेजारी ठिपकाही नव्हता.

त्यांनी स्पोक घातला. थांबला. शेजारच्या बंद भोकात घातला. थांबला. दोन्हीकडे त्यांना सारखंच ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी जोर करून स्पोक तिसऱ्या भोकात हाणला. गंजाचा बूच फुटला आणि स्पोक मुठीपर्यंत आरपार गेला. मिस्त्री तिथेच तेलकट जमिनीवर बसले. घरी बायको ओरडायची, "अहो, कानात बोळे घातलेत का?" आणि ते म्हणायचे, तुम्हा सगळ्यांनाच पुटपुटायची खोड लागलीय. इतकी वर्षं इंजिनांच्या धडधडीत उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि त्याचं खापर त्यांनी सख्ख्या भावावर फोडलं होतं.

दुपारीच ते घरी आले. बायकोला सगळं सांगितलं. फोनवरचं त्यांना नीट कळत नसे, म्हणून तिलाच लावायला सांगितला. "त्याला म्हण, चूक माझी होती. म्हण, दादा मालकाला सांगतोय. परत ये म्हणावं."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. पदराने डोळे पुसले, फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

ती हळू काहीतरी बोलली. त्यांनी कानामागे हात धरला. मग तिला ओरडावंच लागलं, इतकं की शेजारच्या खिडकीत माणसं आली.

"त्याला माहीत होतं! त्याच दिवशी, पाणी चढलेल्या स्टडपाशी ठिपका नाही ते दिसलं होतं त्याला!"

"मग बोलला का नाही गाढव?"

"म्हणतो, वहिनी, दादाला ऐकू येत नाही हे कळलं असतं, तर त्याच्या हाती कुणी इंजिन दिलं असतं का?"

मिस्त्रींनी कानामागचा हात खाली घेतला. "येतोय ना पण?"

बायकोने नकारार्थी मान हलवली. एवढं त्यांना न ऐकताही कळलं. "हत्यारं विकली त्याने," ती म्हणाली, पण हे सांगायला तिला पुन्हा ओरडण्याचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मिस्त्री गॅरेजात परत गेले. भंगारवाल्याची गाडी उभी होती, ब्लॉक चढवायचा बाकी होता. त्यांनी रंगाची डबी उघडली, वाकले आणि मागून तिसऱ्या भोकाशेजारी पिवळा ठिपका दिला. "आता कशाला, मिस्त्री?" मालक म्हणाला. ते त्यांना ऐकू आलं नाही.