चुकून बघणारी शालन

स्टाफरूममध्ये नुकताच चहा आला होता. शालनचा भाऊ मुरगूडहून एसटीनं आला आणि दारातच उभा राहिला. "ताई गेली की ओ, बाई…" एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले, "काहीतरी बोलू नका!" तापट माणसाला आधी रडू येत नाही, राग येतो. महिना होऊन गेला, तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

शालन आणि मी एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. शेतकऱ्याघरची, मोठ्या आवाजाची, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं हसणारी. आमची पोरं खेड्यापाड्यांतून यायची. प्रोग्रॅममध्ये एखादा कंस राहिला की मशीन इंग्रजीत एवढंच सांगायचं, की वाक्यरचना चुकली. कुठं, काय… काही नाही. चंदगडकडची एक मुलगी त्या ओळीपुढं इतकी हरली, की ट्रंक भरून घरी निघाली. शालननं तिला अडवलं. "दिवाळीपतूर थांब. तुला समजंल असं बोलणारं मशीन करतो. न्हाय जमलं तर मीच तुला एसटीत बसवतो." कोल्हापुरी बायका बोलतात तशी तीही 'करतो, बसवतो'च म्हणायची.

म्हणजे शिकाऊ पोरांसाठी एक छोटी भाषा आणि तिचा कंपायलर, त्या भाषेतलं लिहिलेलं मशीनला समजावून देणारा प्रोग्रॅम. सगळा हातानं लिहायचा तर वर्ष गेलं असतं, म्हणून पार्सर जनरेटर हवा होता. आपण त्याला भाषेचे नियम द्यायचे, ती भाषा वाचणारा प्रोग्रॅम तो लिहून देतो. फुकट मिळणारे दोन हाती आले. एक जगभर नावाजलेला, दुसरा कुणा हौशी माणसानं फ्लॉपीवर वाटलेला. "अगं, फुकटचंच घ्यायचं तर नावाजलेलं तरी घे!" मी म्हणाले. ती म्हणाली, "म्हैस नावावर घेत न्हाईत, धार काढून बघत्यात."

आणि तिनं जे केलं ते मला जन्मात सुचलं नसतं. मी बरोबर प्रोग्रॅम घालून कोण लवकर वाचतो ते पाहिलं असतं. तिनं पोरांच्या चुका गोळा केल्या आणि त्याच दोघांपुढं टाकल्या. नावाजलेला चूक पकडायचा, पण त्यानं लिहून दिलेला प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकड्यांचे तक्ते. त्यात आपला शब्द कुठं घालणार? त्या हौशी माणसाच्या जनरेटरनं लिहिलेला प्रोग्रॅम माणसाला वाचता यायचा, प्रत्येक वळणावर आपलं बोलणं घालता यायचं. मात्र त्याची नियम घ्यायची रीत वेगळी, त्यामुळं भाषेचे सगळे नियम पुन्हा मांडावे लागणार होते. मी कपाळाला हात लावला. तिनं मांडले… पहिल्या तासाच्या आधी येऊन, पदर खोचून.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या मुलीनं प्रोग्रॅम टाईप केला आणि कंस विसरली. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं, "कंस उघडलाईस. मिटणार कोण? मी व्हय?" मुलगी आधी दचकली, मग खदखदून हसली आणि तिनं कंस घातला. ट्रंक पुन्हा हॉस्टेलच्या खाटेखाली गेली. मी मात्र पडद्याकडं बघतच राहिले. बरोबर काय ते कुणीही ओळखतं हो, पण चुकणाऱ्यासाठी एवढी जागा करून ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

परवा लॅब रिकामी होती. शालनच्या मशीनपुढं बसले, दोन ओळी लिहिल्या आणि जाणूनबुजून कंस उघडा ठेवला.

"…मिटणार कोण? मी व्हय?"

"मिटते गं बाई," म्हटलं, डोळे पुसले, कंस मिटला. आणि लगेच दुसरी चूक केली.