तळमजल्यावरचा तास

आई गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी कॉलेजला गेले आणि अमेरिकेची राज्यघटना शिकवायला लागले. अभ्यासक्रमात तोच भाग आला होता. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात चाळीसेक मुलं. मी फळ्यावर तीन चौकोन काढले. कायदे करणारे, ते राबवणारे, निवाडा करणारे. दहा वर्षं हेच चौकोन काढत होते, तासिका तत्त्वावर, दर जूनमध्ये नवा करार करून. हात आपोआप चालायचा.

आईचं डायलिसिस दोन वर्षं चाललं. तिच्या खाटेशेजारी बसून मी पेपर तपासायचे. ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. बोनकोड्याला आमच्या घरी दहा दिवस माणसं येत होती. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "रडून घे गो बाय. पोटान नको ठेवू." मी मान हलवली. पोटात काही ठेवलंय असं मला वाटतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त कुणी काही बोललं की ते मला जरा उशिरा कळायचं.

त्या वर्गात करंजाड्याहून येणारी एक मुलगी होती. लहानपणापासून पायांत ताकद नव्हती, दोन्ही हातांत कुबड्या घेऊन चालायची. वडील तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडून कामावर जायचे. वर्ग चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यावर पाटी होती, 'फक्त शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी', आणि चावी शिपायाकडे. ती जिना चढून वर येईपर्यंत तासाची पंधरा-वीस मिनिटं गेलेली असायची. मी तिची हजेरी लावायचे. बाकीचे सगळे लावत नव्हते. गणपतीच्या सुट्टीनंतर कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली. तीत तिचं नाव होतं, आणि या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसता येणार नाही, असं खाली छापलं होतं.

मी रोज त्याच लिफ्टने वर जात होते. तिलाही सोबत घ्यावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

लिफ्टसाठी तिने दोनदा अर्ज दिला होता. उत्तर आलं नव्हतं. त्या आठवड्यात मी अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्या शिकवत होते. नागरिकांचे हक्क, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही वगैरे, मूळ मसुद्यात नव्हते, लोकांनी आग्रह धरला म्हणून ते नंतर आले, असं सांगितलं. पुढच्या तासाला चौदावी दुरुस्ती, कायद्याचं समान संरक्षण. ते कागदावर आलं, तरी पुढची कित्येक दशकं कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळा आणि बसमध्ये वेगळ्या जागा. मग कॉलेजात शिकणारी चार मुलं एका दुकानात फक्त गोऱ्यांना वाढायच्या काउंटरवर जाऊन बसली. त्यांना कुणी काही दिलं नाही. ती उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. हे मी नोट्समधून वाचून दाखवलं. वाचताना डोक्यात गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, एवढंच होतं.

तिने हात वर केला. "मॅडम, आपल्याकडे रूल्स प्रिन्सिपल सर बनवतात. लागू पण तेच करतात. कम्प्लेंट पण त्यांच्याकडेच करायची. मग हे तीन बॉक्स आपल्याकडे कुठे?"

वर्ग हसला. ती हसली नाही.

"कॉलेज म्हणजे देश नाही," मी म्हणाले.

"पण कॉलेजात असले तरी मी देशातच आहे ना, मॅडम?"

तास संपल्याची घंटा झाली. मी हजेरीपट उचलला आणि निघाले.

सोमवारी मी लिफ्टने वर गेले तर वर्ग रिकामा. खिडकीतून खाली आवाज येत होते. खाली आले. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळा वर्ग वह्या घेऊन बसला होता. ती मध्ये होती, कुबड्या शेजारी आडव्या ठेवलेल्या. वर्गाची प्रतिनिधी असलेली मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ती लिफ्टने वर येऊ शकत नाही तोपर्यंत आम्ही पण नाही येणार. आम्ही लेक्चर बंक करत नाहीये. इथेच घ्या ना, प्लीज."

माझ्या हातात खडू होता आणि हजेरीपट होता. तासाची वेळ झाली होती आणि मुलं समोर होती. मी काही ठरवलं, असं झालं नाही. खांबाला टेकून उभी राहिले आणि हजेरी घ्यायला लागले. तिचा नंबर आला. "प्रेझेंट," ती म्हणाली. वर्षात पहिल्यांदाच ती हजेरीच्या वेळेला समोर होती.

चार दिवस मी तिथे शिकवलं. कुणीतरी फोटो काढला. तो व्हॉट्सॲपवर फिरला, खाली लिहिलं होतं, मॅडम विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका विषयाच्या सरांनी मला जिन्यात थांबवून हात मिळवला. मी हात दिला.

शुक्रवारी प्राचार्यांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. आधी चहा मागवला. "आई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं," म्हणाले. मग टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. विद्यार्थ्यांनी दबाव आणून मला पार्किंगमध्ये तास घ्यायला भाग पाडलं, असं त्यात माझ्या तोंडून लिहिलं होतं. खाली पाच विद्यार्थ्यांची नावं. पहिलं तिचं.

"तुमच्या करारावर याचा परिणाम व्हायला नको, म्हणून म्हणतो," ते म्हणाले. "मॅनेजमेंटने फोटो बघितलाय."

मी कागद वाचला. घाईत सही केली, न वाचता केली, असं मला म्हणता येणार नाही. सगळा वाचला, आणि सही केली. चहा संपवून बाहेर पडले.

सोमवारी पाच जणांच्या निलंबनाची नोटीस लागली, एका महिन्याची. दुपारी ती दुसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममध्ये आली. जिना चढून आल्यामुळे चेहरा घामाने भिजला होता, तळहात लाल झाले होते. मी पाणी दिलं. ती अर्धा ग्लास प्यायली आणि बॅगेतून झेरॉक्स काढली. त्या पाच जणांनी ऑफिसात अर्ज करून त्या कागदाची प्रत मागून घेतली होती.

"मॅडम, ही सही तुमची आहे?"

"हो."

"आम्ही तुम्हाला फोर्स केलं होतं?"

"नाही."

"मग?"

मी झेरॉक्सची घडी घालून तिला परत दिली. तिने ती बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "आमचं कुणी ऐकूनच नाही घेतलं. तुम्हीच शिकवलं होतं, ऐकून घेतल्याशिवाय पनिशमेंट देता येत नाही. ते फक्त तिकडचं आहे का?"

"इकडेही आहे."

"ठीक आहे. आमचं ऐकून घ्या, असं आम्ही लेखी मागणार आहोत. तुम्ही खरं सांगाल का, एवढंच विचारायला आले होते."

मी हो म्हणाले. ती जिना उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर आधी कुबड्या टेकत होत्या, मग पाय. तो आवाज बराच वेळ येत होता.

त्या पाच जणांनी अर्ज लिहिला. वर्गातल्या बहुतेकांनी सह्या केल्या. त्यात अमेरिकेचा उल्लेखही नव्हता. आपल्याच देशातल्या दिव्यांगांच्या कायद्याची पानं जोडली होती, आणि दोन मागण्या होत्या. आमचं म्हणणं ऐका, आणि लिफ्ट उघडा. एक प्रत विद्यापीठाला पाठवली. दोन आठवड्यांनी लायब्ररीत समिती बसली. त्यात बाहेरून आलेल्या एक वकीलबाई होत्या. मी हाताने लिहिलेलं पत्र घेऊन गेले. आधीचं निवेदन खोटं आहे, माझ्यावर कुणीही दबाव आणला नव्हता, सही माझीच आहे, आणि लिफ्ट मी रोज वापरते, असं त्यात होतं.

वकीलबाईंनी ते वाचलं. "मग आधी सही का केलीत?"

"काय लिहिलंय ते कळत होतं," मी म्हणाले. "त्याचं काही वाटत नव्हतं."

त्यांनी पेन उचललं होतं. ते खाली ठेवलं. माझं ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी बसमध्ये मला थोडं हलकं वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. घरी जाऊन मी भात लावला.

निलंबन मागे घेतलं गेलं. लिस्टमधून तिचं नाव निघालं. पाटी उतरवली, आणि शिपायाकडची चावी काढून घेऊन लिफ्ट सगळ्यांसाठी चालू ठेवली. पहिल्या दिवशी ती माझ्या आधी वर्गात पोचली होती. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. ती माझ्याशी नीट बोलायची, वेळेवर वही दाखवायची, पण वर्गात तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही. शेवटच्या तासानंतर मात्र टेबलापाशी थांबली.

"दुसरं लेटर दिलंत त्यासाठी थँक्यू, मॅडम. पहिलं दिलं नसतंत तर ते लागलंच नसतं."

"हो," मी म्हणाले.

जूनमध्ये माझा करार आला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता कामोठ्यात स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये शिकवते. क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही. रुजू होताना मी मालकांना विचारलं, जिना चढता येत नाही अशा मुलांचं तुम्ही काय करता? ते म्हणाले, तसं कुणी आलं नाही अजून. एक बॅच तळमजल्यावरच्या गाळ्यात घेऊया, असं मी सुचवलं. बघू, म्हणाले. मी दर महिन्याला विचारते.