हौदातली वाकडी मासळी

आत्याचा हात आधी पाठीवर जायचा. कोकरू असो, शेळी असो की सुट्टीला आलेलं भाचरू, मणक्यावरून अंगठा खाली ओढल्याशिवाय तिची ओळख पुरी होत नसे. माझ्या लग्नात सगळे नवरीचं तोंड बघत होते आणि ही बाई पाठ चाचपत होती! भर मांडवात म्हणाली, "मणकं लागत्यात हाताला. शेंगदाणं चारा हिला." सासू म्हणजे बापाची सख्खी बहीण, तक्रार तरी कुणाकडे करायची? एकदा तिला 'अहो' म्हणून पाहिलं, तर डोळे वटारले. "आत्याला अहो-जाहो करतीस व्हय गं?" मग मी शेवटपर्यंत अगं-तुगंच केलं.

तिचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. न्हावऱ्याला जमीन घेऊन घर बांधलं, मेंढरं गेली, पण तिची रीत गेली नाही. होळीच्या आत चारा भरून झालाच पाहिजे. "उन्हाळा इचारून येत न्हाई," हे तिचं पालुपद. आम्ही हसायचो. मात्र वैशाखात कडबा मागायला सगळी आळी आमच्याच दारात.

ह्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडले तेव्हा आत्यानं नाक मुरडलं. "ना पाय, ना लोकर. राखायचं काय त्यात?" थोड्याच दिवसांत राखण तिच्याकडे गेली. सकाळी काठावर उभी राहून ती मेंढरांना घालायची तीच हाळी घालायची आणि मासे खरंच गोळा व्हायचे. त्यांचा चाराही तिनं रीतीप्रमाणे भरून ठेवला. होळीच्या आधीच पत्र्याच्या खोलीत छतापर्यंत खाद्याच्या गोण्या. उन्हाळाभर तो पत्रा तापत होता आणि आम्ही तिच्या दूरदृष्टीचं कौतुक करत होतो.

पाऊसकाळ सरल्यावर जाळं टाकलं. आत्यानं एक मासा उचलला, सवयीनं अंगठा ओढला आणि थबकली. पाठ मधेच मोडल्यासारखी वाकडी होती. दुसरा घेतला, तो शेपटीकडं पिळवटलेला. मग तिनं जाळ्यात हात घालायचंच सोडलं.

तपासायला मत्स्य खात्यातल्या एक मॅडम आल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी गोण्या बघितल्या, वर पत्रा बघितला आणि हळूच म्हणाल्या, "आजी, तुमचा दोष नाही. पण खाद्य उष्णतेत फार दिवस राहिलं की त्यातलं क जीवनसत्त्व नासतं. आवळ्यात असतं ना, तेच. ते नसलं की वाढत्या माशाचं हाड धरत नाही."

आत्याला त्यातलं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. "म्हंजी मीच मोडली त्यांची पाठ," ती म्हणाली आणि काठावर मटकन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. आपल्या दावणीचं जनावर कधी उपाशी राहिलं नाही, एवढा एकच अभिमान होता तिला. आणि ही मासळी तिच्या हातचं पोटभर खाऊनच मोडली होती.

दौंडचा व्यापारी म्हणाला, "मावशी, तुकडं केल्यावर पाठ कुणाला दिसतीय?"

"मला दिसतीय की. वाकडं जनावर झाकून इकत न्हाईत आमच्यात."

सरळ मासे गेले, वाकडे विहिरीजवळच्या हौदात आले. त्यांना धड पोहताही येत नव्हतं, तिरपे तिरपे काठाला लागायचे. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही, हेही मॅडमनी सांगितलं होतं. ते काही आत्याला पटलं नाही. ताज्या खाद्यात ती आवळा कुटून घालायची, मासा हळूच हातात धरून पाठ चाचपायची. "जरा सरळ झालाय न्हवं?" हे "व्हय व्हय" म्हणायचे. मी खाद्याची वाटी पुढं करायचे.

गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. औषध विचारायची नाही, नातवंडं विचारायची नाही. रोज सकाळी एकच. "बघून आलीस? सरळ झाली का गं?" एकदा तिनं माझा हात घट्ट धरला. "ह्याच्यावानी व्हय व्हय करू नगंस. तू माझ्या भावाची लेक हाईस."

मला रडूच फुटलं. "न्हाई गं आत्या. न्हाई झाली."

तिनं माझ्या पाठीवरून अंगठा ओढला. त्यात आता जोर नव्हता. "असू दे," ती म्हणाली. "सरळ हुत्याल म्हून खायला घालू नगंस. जगत्यात तवर घाल."

त्याच आठवड्यात ती गेली.

दहावा उरकल्यावर मी हौदावर गेले आणि तिची हाळी घातली. माझ्या तोंडून ती नीट निघेना. तरी ते आले, तिरपे तिरपे, एकमेकांना धडकत. मी वाटीतलं खाद्य पाण्यात सोडलं. त्यात आवळा कुटून घातला होता.