तशा पोरींची लस

ती लस मी घेतली, हे मी भर वर्गात उभं राहून सांगितलं. त्याचा मला आजही काडीचाही पस्तावा नाही. पण त्या उभं राहण्यापायी माझ्या धाकट्या बहिणीची लस हुकता हुकता राहिली, म्हणून हे लिहितेय.

यवतमाळात माझं डॉक्टरकीचं तिसरं वर्ष चालू होतं. घर ढाणकीला. बाबांचं मोटार वायंडिंगचं दुकान, घरी माय आणि नववीतली छोटी. आमच्या एका मॅडमनी खटपट करून कॉलेजातल्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्या बहिणींसाठी एचपीव्हीच्या लसीची सोय केली होती. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळणारी लस; हा कॅन्सर ज्या व्हायरसनं होतो, तो शरीरसंबंधातून येतो. पंधरावं सरायच्या आत... नाही, पंधरावा वाढदिवस यायच्या आत सुरू केली तर दोन डोसांत भागतं, आणि छोटीचा वाढदिवस तोंडावर आला होता. मायेला मी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं आणि तिनं "आन मंग, देऊन टाकू" म्हटलं होतं. आता फक्त छोटीला घेऊन यायचं होतं.

तेवढ्यात मॅडमनी वर्गात विचारलं, "तुमच्यापैकी लस कोणी कोणी घेतली?"

मी उभी राहिले. आजूबाजूला पाहते तर मी एकटीच. मागच्या बाकावरून कोणीतरी लांबलचक "ओहोऽऽ" केलं.

मॅडमनी बाकीच्यांना कारण विचारलं. एक म्हणाली, त्यानं मूल होत नाही म्हणे. कुठं वाचलंस? वाचलं नाही मॅडम, रील पाहिली. दुसरीच्या आतेभावाच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं, ते तिनं उघडलंही नव्हतं, पण वरचं चित्र भयंकर होतं म्हणे. तिसरीला सीनियर म्हणाली होती, आणि सीनियरला कोण म्हणालं ते तिला माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकाचं नाव एकीच्याही तोंडून निघालं नाही. ते सगळ्यांच्या पुढ्यातच होतं, कोपर टेकायला. याच लसीवरचं उत्तर याच मुलींनी परीक्षेत झकास लिहून मार्क घेतले होते. माझं डोकं भणभणायला लागलं.

मॅडम म्हणाल्या, मुलांनीही घ्यावी. तर उमरखेडचा एक हिरो म्हणतो, "मॅडम, आमाले कायले? आमच्याकडं कुठी पिशवी हाये?" आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. सगळा वर्ग खो खो हसला.

"व्हायरस काय एसटीत बसून एकटाच येते का रे?" मी उभ्या उभ्याच विचारलं. "कोन आनून देते तो?"

तो लालबुंद झाला. झाला तर झाला.

संध्याकाळी हॉस्टेलवर माझी रूममेट दार लावून माझ्यासमोर बसली. ती बाभुळगावची, वर्गात पहिली येणारी, स्वभावानं गरीब गाय. "तू काहून उभी राह्यली वं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"घेतली म्हणून."

"घेतली त घेतली, सांगाचं कायले? ती लस तशा पोरी घेतात."

"तशा म्हणजे?"

"तशा म्हणजे... तशा."

शरीरातल्या झाडून सगळ्या नसा तोंडपाठ असलेल्या पोरीला पुढचा शब्द सापडेना. मी विचारलं, उद्या तुझ्यासमोर पेशंट बसली तर तिला काय सांगशील? ती म्हणाली, "घ्या म्हनीन ना. गाइडलाइनच हाये. माहं वेगळं हाये बाई, घरी माह्यासाठी स्थळं पाहून राह्यले." मी उशी फेकून मारली. तिनं ती झेलली आणि मांडीवर घेऊन बसली. मला हसू आलं नाही.

त्या हिरोनं ही गंमत घरी जाऊन सांगितली. त्याची आत्या ढाणकीत, आमच्याच गल्लीत राहते. छोटीला आणायला मी घरी पोचले, तर बातमी माझ्या आधीच्या गाडीनं येऊन घरात पाय पसरून बसलेली. माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"छोटी कुठीच जात नाई," ती म्हणाली.

"काहून?"

"विहारात बाया मले पाहून गप झाल्या. काय म्हनत होत्या ते तुले सांगू का? डॉक्टरीन होऊन राह्यली, आन ह्या वयात कायची लस घेतली म्हने हिनं! लग्नाच्या आधी! तू एकीनं नाव घालवलं तेवढं लय झालं. त्या लेकराले तरी सोड."

बाबांनी चप्पल घातली, "तुमचं तुमी पाहा" म्हणाले आणि दुकानात निघून गेले. वाहवा! जळालेली मोटार पाहिल्यावर ह्या माणसाला आतली कोणती तार गेली ते कळतं, घरात जाळ लागला की मात्र दुकान आठवतं.

मी मायेला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. लस आधीच घ्यायची असते, आजाराची गाठ पडायच्या आत, म्हणून तर लहान वयात देतात. ती ऐकतच नव्हती. "तशा पोरीईले लागते ते," ती म्हणाली, "आपल्या पोरी तशा नाई."

तिथंही तोच शब्द! हॉस्टेलात तोच, विहाराच्या पायरीवर तोच, आणि आता आमच्या चुलीपुढंही तोच. माझा तोल गेला.

"मंग मोठी मावशी तशी होती का?"

मोठी मावशी म्हणजे मायेची थोरली बहीण. हिला कडेवर घेऊन वाढवलं तिनं. ती याच कॅन्सरनं गेली होती. नागपूरला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, माय तिथंच होती. पण गावात परतल्यावर सगळ्यांनी "पोटात गाठ होती" एवढंच म्हटलं आणि पुढंही तेच म्हणत राहिले.

मायनं पिठाचा हात तसाच उगारला. "माह्या बहिणीले नाव ठेवशीन त थोबाड फोडीन तुयं! लग्न झालं तवा छोटीहून लहान होती ते. मान वर करून कोनाकडं पाह्यलं नाई तिनं जल्मात!"

"मले माहीत हाये," मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं, पण मी मागे हटणार नव्हते. "तिनं काहीच केलं नाई, माय. तिले ते तिच्या घरातच भेटलं, मावसापासून. मावसाले त्याचा पत्ताबी नसन. ती तशी नव्हती. मंग मी कायले तशी? छोटी कायले तशी?"

मायेचा हात खाली आला. तव्यावरची भाकरी करपत होती, मी ती काढून घेतली. माय बोलायला लागली, पण ते माझ्याशी नव्हतं. "रगत जात होतं तिचं. कोनाले सांगतलं नाई. मले बी नाई. पाळीचंच हाये म्हने. लाजली वं ते. लाजता लाजता मेली."

छोटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला आत जा म्हणून कोणी सांगितलं नाही.

सकाळी मी उठले तर माय आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. पिशवीत भाकरी, ठेचा, छोटीची ओढणी. "चाल," मला म्हणाली, "गाडी चुकन." यवतमाळात टोचायच्या वेळी तिनं छोटीचा दुसरा हात धरून ठेवला. छोटी म्हणाली, "एवढंच?" आणि मॅडम हसल्या. दुसऱ्या डोसाची तारीख मायनं स्वतः विचारून घेतली.

परतताना मीही त्यांच्यासोबत निघाले, छोटीच्या अंगात कणकण आली तर मायनं घाबरू नये म्हणून. उमरखेडला ढाणकीची गाडी धरली. गाडी सुटता सुटता हिरोची आत्या चढली आणि बसायला जागा नसल्यानं आमच्याच सीटला टेकून उभी राहिली. तिनं छोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुठी गेलत्या वं मायलेकी?"

मी तोंड उघडणार, तोच मायनं माझ्या मांडीवर हात दाबला. मला वाटलं, आता ही म्हणणार, कपडे घ्यायला.

"यवतमाळले गेलतो," माय म्हणाली. तिचा आवाज आत्याच्या आवाजापेक्षा मोठा होता. "पोरीले लस देल्ली. पिशवीच्या कॅन्सरची. माही बहीण त्यानंच मेली, पोटाच्या गाठीनं नाई. तुयी नात केवढी झाली आता?"

पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागे वळल्या. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता थांबला. आत्यानं पदर सावरला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा मायेकडे पाहिलं.

"सातवीत हाये," ती हळू आवाजात म्हणाली.

"मंग अजून वेळ हाये," माय म्हणाली, आणि छोटीला मांडीवर ओढून तिनं आत्याला बसायला जागा केली.