कणकेवरची खूण

थिमिओसने चाळीस वर्षं दगड घडवले. एपिरसच्या डोंगरात त्याने बांधलेले तीन पूल अजून जागचे हललेले नाहीत. पण नाताळच्या आदल्या दिवशी तो कोपरापर्यंत पीठ माखून स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याला काही म्हणजे काही उमगत नव्हतं.

बायको आरेती खुब्याचं हाड मोडून आतल्या खोलीत पडून होती. मुलगी वासिलिकी उद्या शहरातून येणार होती. घर झेपत नसेल तर दोघांनाही घेऊन जाईन, असं तिने फोनवर बजावलं होतं. त्यावर आरेतीने तिच्याशी पैज लावली. नाताळची हंडी, डुकराचं मांस आणि बिही नावाचं आंबटसर फळ, थिमिओसने एकट्याने करून दाखवायची. जमली तर दोघं इथेच राहणार.

सूचना पलंगावरून येत होत्या. पाणी किती? लागेल तेवढं. वाइन? वास येईस्तोवर. ओळंबा धरून भिंत उभारणाऱ्याला हे माप कुठलं कळणार? मांसाचे तुकडे त्याने एकसारखे चौकोनी केले. बिहीचं पिवळं फळ दगडासारखं टणक, तेवढंच काय ते हाताला ओळखीचं वाटलं. झाकण कणकेने सांधलं. केसाचीही फट नाही.

पाववाल्याच्या भट्टीत गावाच्या हंड्या रात्रभर शेजारी शेजारी शिजतात, म्हणून प्रत्येक घर कणकेवर आपली खूण उठवतं. आरेती दाराची किल्ली दाबायची. थिमिओसने सवयीने घडवलेल्या दगडांवर कोरायची आपली खूण कोरली: त्रिकोण आणि मधोमध ठिपका.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून हंडी आणून, आरेतीला खुर्चीत बसवून, त्याने बायको-मुलीसमोर कणीक फोडली. आत बिही नव्हतं. काळे, मऊ आलुबुखार होते.

तो बघतच राहिला. घरात आलुबुखार आणलेच नव्हते. कांदा त्याने चिरला होता, इथे अख्खा होता. मग आपणच विसरलो की काय? तसं असेल तर पोरगी म्हणते ते खोटं नाही.

वासिलिकीने एक घास खाल्ला. "बाबा, जिंकलात तुम्ही. राहा इथेच."

आरेती नवऱ्याकडे बघत राहिली.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण त्याची नजर कणकेच्या तुकड्यावर गेली. त्रिकोण होता, ठिपका होता, पण एक बाजू वाकडी. ती रेघ सरळ यावी म्हणून त्याने स्तेर्गिओसच्या हातावर कित्येक टपल्या मारल्या होत्या, तो हाताखाली शिकाऊ होता आणि हीच खूण उचलत होता तेव्हा. आता स्तेर्गिओसलाही नातवंडं आहेत. खूण तीच, वाकडेपणाही तोच.

"हे काम माझं नाही," म्हणत थिमिओसने हंडी उचलली.

स्तेर्गिओसकडे अर्धी हंडी फस्त झाली होती.

"मिस्त्री, आम्हाला वाटलं यंदा माझ्या बायकोने नवीन काही केलंय," तो म्हणाला. "आलुबुखाराचं बिही कसं झालं, हे तिला विचारायची छाती कुणाची?"

उरलेली अर्धी घेऊन थिमिओस परतला. मांस जिभेवर विरघळत होतं. फळ मात्र दाताला दाद देईना. वासिलिकी बराच वेळ चावत राहिली. तो कधी हिच्याकडे बघे, कधी तिच्याकडे.

"फळ आधी तळायचं असतं," आरेती म्हणाली. "सांगायचं राहिलं माझ्याकडून."

वासिलिकीने घास एकदाचा गिळला. "पुढच्या नाताळला तळा. मी खायला येते."

हे हो की नाही, ते त्याच्या लगेच ध्यानात आलं नाही.

"किती तळायचं?" त्याने विचारलं.

"रंग येईस्तोवर," मायलेकी एकदम म्हणाल्या.